पाणी कोण प्यालं?

लग्नकार्यात माझ्या शेजारी बसायला नात्यातल्या बायका फारशा राजी नसतात. बोलता बोलता मी त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघते. पूर्वी त्यांना वाटायचं, हिचा डोळा मंगळसूत्रावर आहे. आता सगळ्यांना ठाऊक झालंय की डॉक्टरीणबाई दागिना बघत नाही, शीर बघते. एका मामेसासऱ्यांना मी भर पंगतीत, त्यांच्या हातात सोलकढीची वाटी असताना, "उद्या सकाळी दवाखान्यात या" असं सांगितलं होतं. ते रागावले, उद्या आले नाहीत, परवा आले. अजून आहेत, आणि अजून रागावलेलेच आहेत.

मालवणच्या किनाऱ्यावर माझं सगळं आयुष्य फिजिशियन म्हणून गेलं. ताप, साखर, दमा, विंचूदंश, सगळं पाहिलं. पण माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त गेले ते सुजलेले लोक. आधी संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, मग सकाळीही रुततो, मग पोटऱ्या, मांड्या, पोट. पाणी खालून वर चढत जातं. माणूस जेवत नाही तरी वजन वाढतं. घरचे म्हणतात, "अंगान भरले." मी म्हणते, कशाने भरले ते बघू.

धंद्यातली गोष्ट सोपी करून सांगते. निरोगी माणूस ताठ बसला की त्याच्या गळ्यातली मोठी शीर फुगलेली दिसत नाही. हृदय दमलं, रक्त पुढे ढकलेनासं झालं, की ते मागे तुंबतं आणि ती शीर मानेवर वर वर चढते. कानाच्या पाळीपाशी पोचली तर समजायचं, हा माणूस कोरड्या अंगणात खुर्चीवर बसून बुडतोय. हे लोकांना पटतं. मूत्रपिंडाचं मात्र पटत नाही. त्यांचा सरळ हिशेब असतो की लघवी होत नाही म्हणजे अंगात पाणी कमी, मग पाणी पाजा, शहाळी फोडा.

खाडीकाठच्या शेतकऱ्याला मी वेगळं सांगते. खाजणातल्या शेताच्या बांधाला पाणी सोडायचं दार असतं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की शेतातलं पाणी त्या दारातून खाडीत जातं. पण खाडीच भरलेली असेल तर दार उघडून काय होणार? शेत बुडालेलं असतं आणि दारातून थेंब बाहेर पडत नाही. मूत्रपिंडात रक्त येतं एका वाटेने आणि जातं दुसऱ्या वाटेने. जायची वाट तुंबली की ते आतल्या आत दाटतं, गाळायचं काम सोडून देतं, आणि रक्तातली घाण वाढते. तिला आम्ही क्रिएटिनिन नावाच्या आकड्याने ओळखतो. आकडा वाढला की वाटतं मूत्रपिंड गेलं. काही वेळा ते गेलेलं नसतं, त्याचा फक्त श्वास कोंडलेला असतो. जुलाबाने सुकलेल्या माणसाचाही आकडा असाच वाढतो, आणि त्याला सलाईन लावलं तर तो वाचतो. ह्या सुजलेल्याला लावलं तर मरतो. कागदावर दोघे सारखेच दिसतात, म्हणून मी गळे बघते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे नाना.

नाना आमच्या शेजारच्या गावचे मानकरी. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. नाना देवासमोर उभे राहून गावाच्या वतीने मागणं मागायचे आणि प्रत्येक मागण्यावर सगळा गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचा. तो आवाज छातीतून निघायचा, आणि त्याच छातीतलं हृदय ढिलं झालं होतं. माझ्याकडे ते दोन वर्षं होते. रोज सकाळी वजन, जेवणात मीठ कमी, दिवसाला लिटरभरच पाणी, आणि लघवी सुटायची गोळी. हे सगळं सांभाळायची त्यांची सून, सुलभा. मुलगा मुंबईला नोकरीत. सासरा आणि सून दिवसभर भांडायचे ते फक्त पाण्यावरून.

"बाय, तुमी हिका माज्यार राखणीक घातलास," असं नाना मला सुनेकडे बोट दाखवून सांगायचे. "घोट मोजता माजे."

माझ्या धंद्यातलं सगळ्यात वाईट काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. तहानलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायचं. सुया टोचायचं काही वाटलं नाही, ह्याचं कायम वाटत राहिलं.

त्या वर्षी त्यांच्या गावात गावपळण होती. बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या भागातल्या काही गावांत दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, कुणी मागे राहायचं नाही. तीन दिवस तीन रात्री रानात झोपड्या घालून राहायचं. मग देवाला पुन्हा विचारायचं, पाषाणाला लावलेला तांदूळ उजवीकडे पडला तर परत यायचं, नाही तर मुक्काम वाढतो. तेवढे दिवस गाव मोकळा सोडायचा. कुणासाठी, ते कुणी मोठ्याने सांगत नाही.

पळणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सुलभाचा फोन आला. ती रडत नव्हती, पण आवाज पातळ झाला होता.

"बाय, नाना खंयच दिसनत नाय. व्हाळ ओलांडताना कोणी तरी बगल्यानी. गावात गेले."

मी विचारलं, तब्येत कशी होती. तेव्हा एकेक बाहेर पडलं. आठवडाभर सूज चढत होती. लघवी कमी झाली म्हणून तिने पळणीच्या आदल्या दिवशी रक्त तपासून घेतलं होतं, आणि आकडा दुपटीच्या वर गेला होता. कालपासून लघवी जवळजवळ नाहीच.

"शहाळ्याचा पाणी दिलंय," ती म्हणाली. "लघवी सुटात म्हणान. सगळे म्हणी होते, पाज, पाज."

मी बाबलला गाडी काढायला सांगितलं. बाबल माझा जुना कंपाउंडर, गाडीही तोच चालवायचा. वाटेत मी मोठ्या शहरातल्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "मूत्रपिंड गेलेलं दिसतंय. लघवीची गोळी बंद करा, थोडं सलाईन द्या आणि इकडे पाठवा, मशीन लावू." आकड्यावरून कुणीही तेच सांगितलं असतं. पण त्यांच्यापर्यंतचा रस्ता कित्येक तासांचा होता, आणि नाना आडवे झाले तर घाटही गाठणार नव्हते.

व्हाळाच्या, म्हणजे वेशीवरच्या ओढ्याच्या, अलीकडे सगळा गाव उभा होता. झोपड्यांपुढे चुली पेटल्या होत्या, माशाचा वास सुटला होता, एकीकडे भजनाची तयारी चालली होती. आमची गाडी थांबली तसे सगळे वळले. सुलभा अगदी पाण्याच्या काठाशी उभी होती आणि दोन बायकांनी तिचे दंड धरले होते. ती आत गेली असती. पण पुढे वर्षभर गावात जे काही वाईट घडलं असतं ते तिच्या नावावर पडलं असतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

एक म्हातारे मानकरी पुढे आले. "तुमी भायल्या, बाय. तुमका देव काय करूचो नाय. आमी पाय टाकलो तर पळण मोडली."

मी बाबलकडे बघितलं. तो त्याच गावचा. त्याने गाडीची चावी माझ्या हातावर ठेवली आणि खाली उतरला. "माका सांगा नको, बाय. मी हयसरच थांबतंय."

तर मी एकटी गेले.

मी रिकामी घरं पाहिलीत, रिकामे वाडे पाहिलेत, पण सगळाच्या सगळा रिकामा गाव तेव्हा पहिल्यांदा पाहिला. लख्ख ऊन होतं. कुत्रं भुंकलं नाही, कोंबडा नाही, गुराच्या गळ्यातली घंटा नाही. दोरीवर कपडे नाहीत. दारांना कुलपं, तुळशी कोरड्या. माझ्या गाडीचा आवाज मलाच इतका मोठा वाटायला लागला की देवळापाशी मी गाडी बंद केली आणि पाणंदीने चालत निघाले. गाव रिकामा असला की आपल्याला एकटं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं वाटत नव्हतं. भरलेल्या घरात पाहुणा अवेळी शिरला की सगळे एकदम बोलायचे थांबतात ना, तसं वाटत होतं.

नानांचं घर उघडं होतं. ओटीवर खुर्ची, खुर्चीत नाना पुढे वाकून बसलेले. आणि त्यांच्यासमोर, ओटीपासून पुढच्या अंगणातल्या खळ्यापर्यंत, भांडी मांडून ठेवलेली. तांबे, कळशा, पेले, गंज, पातेली, घरातलं एकूण एक भांडं. काही पाण्याने काठोकाठ भरलेली होती आणि काही पार रिकामी.

"इलात, बाय?" नाना म्हणाले. दोन शब्द झाले की श्वास घ्यायला थांबत होते. "बसा. जरा सरकान बसा. थंय म्हातारी बसली आसा."

मी सरकून बसले. आधी गळा बघितला. शीर कानाच्या पाळीपर्यंत चढली होती. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला तो पडलाच. यकृतावर हात ठेवला तर टणक. पण ओठ मात्र फुटलेले, जीभ कोरडी ठणठणीत. पाण्याने भरलेला माणूस तहानेने मरत होता.

"नाना, ह्या पाणी कोणाक?"

"तेंका. तानेलले इले. गाव रिकामो, दारां बंद. तेंका पाणी कोण दितलो?"

"आणि तुमी किती प्यालात?"

"थेंब नाय, बाय. तुमी सांगलात तसाच. तेनी पिल्यानी."

"मग तुमच्या अंगात ह्या खंयसून इला?"

नानांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "ताच तर मिया तुमका इचारतंय."

रक्तातली घाण वाढली, मेंदूला हवा कमी पडली, की माणूस असं बोलतो. हे मी पुस्तकात वाचलंय आणि शेकड्यांनी पाहिलंय. पण मागच्या विहिरीवर मी हात धुवायला गेले तेव्हा रहाटाचा दोर ओला होता. खळ्यातून ओटीपर्यंत जायला ज्या माणसाला दोनदा बसावं लागत होतं, त्याने इतकी भांडी भरली कशी? ते शोधायला वेळ नव्हता.

निर्णय एवढाच होता. हे मूत्रपिंड मेलेलं असेल तर लघवी सुटायचं इंजेक्शन देऊन काही होणार नव्हतं, रक्तदाब मात्र खाली येऊन नाना तिथेच गेले असते. ते नुसतं कोंडलेलं असेल तर हेच इंजेक्शन, आणि तेही मोठं, त्यांना वाचवणार होतं. शहरातले डॉक्टर नको म्हणाले होते. त्यांच्यासमोर आकडा होता आणि माझ्यासमोर गळा होता. रक्तदाब बघितला, बरा होता. हाताची शीर शोधायला मात्र कष्ट पडले, सुजेत बुडाली होती. मी इंजेक्शन दिलं.

मग वाट बघायची. आमच्या धंद्यातली ही वाट बाहेरच्यांना सांगून कळायची नाही. मशीन नाही, घंटा नाही. एका म्हाताऱ्या माणसाला लघवी लागते की नाही, एवढ्यासाठी जीव टांगून बसायचं.

नाना बोलत होते, पण माझ्याशी नाही. खळ्याकडे बघून, गावातल्या एकेका गेलेल्याचं नाव घेऊन. मधेच माझ्याकडे वळून म्हणाले, "गोळी सोडलंय मी, बाय. सुलभाक सांगा नको. ती हातार ठेवी, मी पानाचे चंचीत घाली."

"कित्याक?"

"गोळी घेतलंय की घडीघडी उठाक लागता. पळण संपताना गाराणां घालूचा. देवासमोर उभो रवलंय आणि धोतर भिजला तर?"

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. दोन वर्षं मी त्यांना हृदय समजावलं, मीठ समजावलं, वजनकाटा दिला. सगळ्या गावासमोर धोतर ओलं होण्याची भीती असेल, हे मला विचारावंसंच वाटलं नव्हतं. माणूस मरणाला कमी भितो आणि असल्या गोष्टींना जास्त.

ऊन कलायला लागलं. भांड्यांतलं पाणी मधूनच हलत होतं आणि वारा पडलेला होता. "बाय," नाना म्हणाले, "म्हातारेक पाणी दिया. तुमच्या कुशीक आसा."

मी तांब्या शेजारी सरकवला. का, ते विचारू नका. त्या ओटीवर बसून नाही म्हणणारा भेटला तर मला दाखवा.

आणि मग नानांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "बाय. लागली."

मी बालदी पुढे केली आणि तोंड फिरवलं. बालदीच्या बुडावर आवाज झाला. आधी थेंब थेंब, मग धार, आणि ती धार थांबेचना. एवढ्या शिकलेल्या, केस पिकलेल्या बाईने परक्या गावात उभं राहून मोठ्याने "शाब्बास!" असं ओरडावं हे बरं दिसत नाही. पण मी ओरडले.

"सुकती लागली," नाना म्हणाले.

बालदी मी दोनदा रिकामी केली. चेहऱ्यावरचा निळसरपणा उतरला, वाक्यं जराशी लांब व्हायला लागली. तसे नाना खुर्चीतच हात जोडून, खळ्याकडे तोंड करून गाऱ्हाणं म्हणायला लागले. आवाज चिरका होता पण चाल तीच. "बा देवा म्हाराजा, ही भायली बाय आज तुज्या गावात इली, तिका काय चूकभूल झाली तर माफ कर रे म्हाराजा..." प्रत्येक मागण्यापाशी ते थांबत होते, गाव "व्हय म्हाराजा" म्हणायला जेवढा वेळ घेतो बरोबर तेवढाच. दुसऱ्या वेळी मला ती शांतता सोसवेना. मीच "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी हळू म्हटलं होतं. ऐकू आलं ते हळू नव्हतं. मी ताबडतोब नानांना उठवलं, खांदा दिला आणि टेकत टेकत गाडीपर्यंत आणलं.

पुढचे दिवस दवाखान्यात इंजेक्शनं चालू ठेवली. लघवी वाहत राहिली, गळ्यातली शीर खाली उतरली, आणि तिच्या मागोमाग आकडाही उतरला, जवळजवळ पूर्वीइतका. म्हणजे मूत्रपिंड जिवंत होतं, खाडी भरलेली होती. मी शहरातल्या डॉक्टरांना कळवलं. त्यांनी मनापासून आनंद दाखवला. चार दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते, खोटं कशाला बोलू. सगळेच असे परत येत नाहीत. तुंबण फार दिवस राहिली तर कोंडलेलं मूत्रपिंड खरंच मरतं.

घरी जायच्या दिवशी नानांनी मला जवळ बोलावलं. डोकं आता साफ होतं, मुंबईचा मुलगाही आला होता.

"बाय, माज्यातला ता पाणी तुमी खंय टाकलात?"

"मोरीत."

ते गंभीर झाले. "ता माजा नाय होता. तेंचा होता. ते माज्याच तोंडान पिल्यानी." थोडं थांबून म्हणाले, "रोज थोडा थोडा तेंका परत देवक होया. आता गोळी चुकवूचंय नाय."

आणि खरंच त्यांनी ती कधी चुकवली नाही. माझ्या दोन वर्षांच्या व्याख्यानांनी जे झालं नाही ते असं झालं. मी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. गाऱ्हाण्याच्या दिवशी गोळी दुपारी घ्यायची, एवढं मात्र ठरवून दिलं. त्यांनी आणखी काही वर्षं गाऱ्हाणी घातली, कोरड्या धोतराने.

मग हृदय अगदीच खचलं. तेव्हा सुकती लागली नाही. इंजेक्शनं दिली, दुप्पट दिली, काही उपयोग झाला नाही. ह्या वेळी मूत्रपिंड खरंच गेलं होतं. मशीन नको, घरी न्या, असं नानांनीच सांगितलं. शेवटच्या दिवशी ते सारखं पाणी मागत होते आणि मी प्रथमच हवं तेवढं द्या म्हणाले. पण तोवर घोट घशाखाली उतरत नव्हता. सुलभा ओल्या कापसाने ओठ टिपत राहिली. एवढी वर्षं राखलेलं पाणी त्यांच्या कामी आलंच नाही, हे मला फार लागलं. अजून लागतं.

त्यानंतरच्या पळणीच्या आदल्या दिवशी सुलभा दवाखान्यात आली. तिला काही होत नव्हतं. बाकीचे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिली.

"बाय, एक इचारू? हसशात."

"इचार गो."

"उद्या गाव सोडूचो. नाना येतले ना थंय. ओटयेर पाणी ठेवूचा म्हणतंय तेंका." ती पदराशी चाळा करत होती. "पण किती ठेवू? तुमी लिटरभरच सांगलेलात. जास्ती झाला तर...?"

मी हसले नाही.

"घरात सगळ्यात मोठो हंडो आसा ना," मी म्हटलं, "तो काठोकाठ भरून ठेव."

पळण संपली, गाव परत आला, त्याच सकाळी तिचा फोन आला.

"बाय, हंड्यात थेंब नाय."

हंड्याला भोक आहे का, माकडं आली होती का, असलं मी काही विचारलं नाही. मला फार बरं वाटलं.